भोपळ्यावरचा पहिला कोयता

आमच्या वाडीत मला एक हुद्दा आहे. त्याला पगार नाही, पण मान भरपूर. एस.टी.तून कंडक्टर म्हणून रिटायर झालो आणि देवरुखचं बिऱ्हाड मोडून घरी आलो, तर पहिल्याच आठवड्यात शेजारची आनंदीबाई भोपळा कडेवर घेऊन दारात उभी. "बाबूभावजी, जरा कोयता लावा वो ह्याला," म्हणाली. मी लावला. दुसऱ्या दिवशी आणखी दोघी आल्या. तेव्हापासून वाडीतल्या अख्ख्या भोपळ्यांना पहिला कोयता मी लावतो.

आमच्याकडे बाईमाणूस अख्खा भोपळा कापत नाही. भोपळा म्हणजे घरातला थोरला मुलगा, असं जुनी माणसं मानतात, आणि आई मुलाच्या अंगावर कोयता कसा टाकणार? म्हणून पहिला घाव पुरुषाने घालायचा. एकदा चीर पडली की तो मुलगा राहत नाही, भाजी होते, मग बायका पाहिजे तेवढ्या फोडी करायला मोकळ्या. बापाने मुलावर कोयता टाकलेला कसा काय चालतो, असं मी एकदा चारचौघांत विचारलं होतं. म्हातारी माणसं माझ्याकडे अशी बघायला लागली, जसा काही मीच बिनतिकिटाचा बसलोय.

अडचण अशी, की कापायला पुरुष आहेत कुठे? वाडीतले हातापायांनी धड असलेले सगळे मुंबईला. मी येण्याआधी बायका भोपळा डोक्याइतका उंच उचलायच्या आणि जांभ्याच्या पायरीवर सोडून द्यायच्या. फुटला तर आपोआप फुटला, कापला कोणी नाही. रीतही राहिली आणि भाजीही झाली. बायकांच्या डोक्याला माझा तेव्हापासून नमस्कार आहे.

एका घरातून मात्र मला कधी बोलावणं आलं नाही, ते सखूवयनीच्या. तिचा भोपळा पायरीवर सोडायची सोय नव्हती, कारण तो एका बाईला उचलतच नसे. आणि मला बोलवायचीही सोय नव्हती, कारण तिच्या घरात पुरुष होता. माझा थोरला चुलतभाऊ, भिकाजीदादा. होता मुंबईत, पण होता. घरचा पुरुष हयात असताना दुसऱ्याच्या हातून पहिला घाव घालून घ्यायचा, म्हणजे आमचा माणूस आता कामातून गेला असं गावात दवंडी पिटून सांगण्यासारखंच. बाकीच्या बायका एवढं मनावर घेत नसत, वयनी घ्यायची.

सखूवयनी लग्न होऊन आली तेव्हा दादा मुंबईत एका छापखान्यात कामाला होता. हळद उतरायच्या आत तो परत गेला. तिकडे एका खोलीत वाडीतले सगळे गडी, बायकोला नेणार कुठे? इकडे म्हातारे आईबाप, गुरं, भातशेती. मग तेच कायमचं झालं. वर्षातून दोनदा यायचा, शिमग्याला आणि गणपतीला. मूलबाळ झालं नाही. आमच्या भागात अशी लग्नं घरोघर आहेत आणि त्याबद्दल कोणी काही बोलत नाही, पण मला त्याचा राग येतो. दोन माणसांनी सबंध आयुष्य एकमेकांची पाहुणी म्हणून काढायचं, ही काय रीत झाली?

वयनीच्या हाताला गुण होता. भात झोडून झालं की पऱ्ह्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठच्या मळ्यात ती वाल, वांगी, मुळे, सगळं करायची. पण वांगं नवऱ्याची वाट बघत नाही. मुळा तर आठवडाभर थांबत नाही. भोपळा थांबतो. शिमग्याच्या सुमाराला वेलीवरून उतरवला आणि पेंढ्यावर ठेवला, तर गणपतीपर्यंत जसाच्या तसा. दादा येईल तेव्हा त्याच्या ताटात घरच्या मळ्यातलं काहीतरी पडावं, म्हणून ती भोपळे लावायला लागली. हे तिनेच मला सांगितलं, तेही कणगीतून भात काढता काढता, पाठमोरी राहून. आणि स्वतःच्या वेलीचा भोपळा तिने दादा नसताना कधी खाल्ला नाही. शेजारून वाटीभर भाजी आली तर खायची. पण घरात भोपळे रांगेत बसलेले आणि ही सुक्या बांगड्याबरोबर भात जेवतेय, हे मी कितीदा पाहिलं आहे. विचारलं तर म्हणायची, "कापनार कोन, भावजी?"

आणि आमचा दादा ताटावर बसला की म्हणायचा, "परत भोपळाच? तुमच्या मळ्यात दुसरा काय पिकत नाय काय गो?" ती हसायची आणि आणखी वाढायची.

शिमग्यात देवीची पालखी वाडीत येते, सहाणेवर, म्हणजे तिच्या दगडी चौथऱ्यावर, बसते आणि सगळी वाडी तिथेच जेवते. त्या जेवणाची भाजी वयनीच्या भोपळ्याची. म्हणून ती दरवर्षी एक भोपळा खास वाढवायची, घोंगडीत घालून चौघांनी उचलून न्यावा लागेल असा. दादा मुंबईहून येऊन देवीसमोर त्याला पहिला कोयता लावायचा आणि चार दिवसांनी परत जायचा. लोक म्हणायचे, भिकाजीचा भोपळा. वयनीचा म्हणून त्याला कोणी ओळखत नव्हतं.

मग दादाला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय ओढत चालायला लागला, जीभ जड झाली. मुंबईचं सगळं संपलं आणि तो कायमचा घरी आला. त्या वर्षीचा शिमगा त्याने खाटेवरच काढला. भोपळा पडवीत तयार होता. गावकर रावजी, म्हणजे पालखीचा मानकरी, स्वतः येऊन वयनीला म्हणाला, "बाबूच्या हातानं घाव घालून घे, तो काय परका हाय?" वयनीने नकाराची मान हलवली. सहाणेवर त्या वर्षी वालाची उसळ झाली. भोपळा पडवीतच राहिला. गणपतीही गेले. पुढे देठाकडून नरम पडला, पाणी सुटलं, वास मारायला लागला, आणि एका सकाळी तिने तो फावड्याने ओढत नेऊन खताच्या खड्ड्यात लोटला. दादा खाटेवरून बघत होता. मला वाटतं, झटक्याने त्याचं जेवढं नुकसान केलं नव्हतं तेवढं त्या सकाळी झालं. त्यानंतर तो बोलायचाच बंद झाला.

पुढचं भात निघालं तेव्हा वयनीने काय केलं, तर त्याला हाताला धरून मळ्यात नेऊन बसवलं. "पडवीत बसून भिंती बगतांव, त्यापरीस येल बगा," म्हणाली. मीही कुतूहल म्हणून जायला लागलो. एवढे भोपळे कापले, पण एकही लावला नव्हता. त्या दोन-तीन महिन्यांत जे पाहिलं ते सांगतो, कोणाला मोठा भोपळा करायचा असेल तर उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट बी. फळाच्या पोटातली मधली, टपोरी बी घ्यायची, देठाकडची किंवा बुडाकडची नाही. वयनीने मागच्या चांगल्या भोपळ्याच्या बिया राखेत घोळून सावलीत वाळवून ठेवल्या होत्या. आळं गुडघाभर खोल. खाली पातेरा, म्हणजे वाळका पाला, वर कुजलेलं शेणखत, राख, आणि मधल्या थरात जयगडहून येणाऱ्या मासळीवालीकडचा सुक्या मासळीचा कुटा. हा कुटा खोल पुरायचा आणि वर काटेरी फांद्या घालायच्या, नाहीतर रात्रीतून कोल्ही-कुत्री आळं उकरतात. एका आळ्यात तीन बिया, उगवल्या की धष्टपुष्ट एक ठेवायची, बाकी दोन उपटायच्या. वेल पसरायला लागली की तिच्या पेरांवर जागोजाग माती ओढायची. प्रत्येक पेर मुळं धरतं आणि वेल एकाऐवजी दहा तोंडांनी जेवते.

पाणी रोज सकाळी, बुंध्यात, बेताचं. एकदा मी मदत म्हणून दोन दिवसांच्या खाड्यानंतर भरपूर पाणी सोडलं, तर वयनी माझ्यावर उखडली. "असा करू नका, भावजी. तहानलेला ठेवून मग एकदम वतला की फळ तडकतं. रोजचा थोडा थोडा द्यावा." बाजूला बसलेला दादा जमिनीकडे बघायला लागला. ती पाण्याबद्दलच बोलत होती, पण मलाही तिथून उठावंसं वाटलं.

फुलं आली. नराच्या फुलामागे नुसता देठ असतो, मादीच्या फुलामागे बोराएवढं फळ. मधमाश्यांवर विसंबायचं नाही. ऊन वर यायच्या आत नराचं फूल खुडायचं, पाकळ्या काढायच्या आणि आतली पिवळी भुकटी मादीच्या फुलात हलक्या हाताने टेकवायची. वयनी याला लगीन लावणं म्हणते. हे काम तिने दादाला दिलं. डावा हात, थरथरता, आणि सगळा जन्म छापखान्यात गेलेला. दोन फुलं त्याने मोडली. तिसऱ्याला जमलं. त्या दिवशी त्याने बऱ्याच महिन्यांनी मला हाक मारली, "बाबू, बग!"

बुंध्याजवळची पहिली फळं ठेवायची नाहीत. वेल दोन माणसांएवढी लांब गेली की तिथलं एक चांगलं फळ धरायचं आणि बाकीची सगळी लहान असताना खुडायची. एका वेलीला एकच. दादाला ते बघवेना. "ऱ्हाऊंदे की एक," म्हणायचा. वयनीने ऐकलं नाही. धरलेलं फळ मुठीएवढं असताना जुन्या लुगड्याच्या तुकड्यात सैल गुंडाळलं, कारण फळमाशी एकदा टोचली की आतून सडतं. पुढे खाली वाळू आणि त्यावर पेंढा घातला, वाळवी आणि ओल लागू नये म्हणून. देठावर ताण येऊ नये म्हणून फळ कोवळं असतानाच अधूनमधून बोटभर फिरवलं. उन्हाने साल लवकर राठ झाली की फळ वाढायचं थांबतं, म्हणून वर झावळ्यांची सावली केली, फक्त फळावर. पानांना ऊन पाहिजेच.

राहिले वानर. त्यांच्यासाठी वयनीने मळ्याच्या चारी कोपऱ्यांना तेलाचे रिकामे डबे टांगले, त्यांच्या दोऱ्या एकत्र करून राखणीच्या खोपीत आणल्या आणि दादाच्या डाव्या हातात दिल्या. वानर दिसला की दोरी ओढायची. दादा दिवसभर तिथे बसायचा, जेवायलाही घरी यायचा नाही. वयनी भाकरी घेऊन मळ्यात जायची आणि दोघं खोपीत जेवायची. मी मुद्दाम त्या वेळेला जात नसे. एवढी अक्कल मलाही आहे.

भोपळा वाढत होता, दिसामासांनी नव्हे, रोज. एकदा आम्ही तिघं त्याच्याभोवती उभे असताना दादाने अडखळत विचारलं, "मी नसताना... गणपतीपतुर... एवढा कोन खातंय?"

"तुमी आल्याव," वयनी म्हणाली.

"आनि मदी?"

"मदी कापनार कोन?"

दादाने माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. खरं सांगायचं तर मला त्याची दया आली नाही, संताप आला. इतक्या वर्षांत त्याला ठाऊक नव्हतं? पण कोण सांगणार होतं त्याला? ती बोलली नाही आणि त्याने विचारलं नाही. तो खोपीत जाऊन बसला. त्या दुपारी वानरांची टोळी वालाच्या वाफ्यात शिरली तरी डबे वाजले नाहीत.

माघ सरता सरता देठ वाळून लाकडासारखा झाला, सालीवर नख रुतेना. भोपळा तयार झाला. वयनीने वीतभर देठ ठेवून वेलीपासून तोडला. देठ बाईने तोडलेला चालतो, भोपळा कापलेला चालत नाही, यावर मी तिथे काही बोललो नाही. घोंगडीत घालून आम्ही चौघांनी तो पडवीत आणला आणि चौघांनाही घाम फुटला. आधीच्या कोणत्याही वर्षी एवढा झाला नव्हता.

आता वाडीत एकच बोलणं. भिकाजीला कोयता लावता येईल का? सरळ कोणी विचारत नव्हतं, पण पाणवठ्यावर, दुकानात, सगळीकडे तेच. दादा आणि वयनी त्याबद्दल आपसातही बोलत नव्हती. एका संध्याकाळी मी मागच्या दाराने गेलो तर दादा केळीच्या बागेत एकटाच होता. डाव्या हातात कोयता, समोर तोडलेल्या केळीचा बुंधा, आणि तो घाव घालत होता. निम्मे घाव हुकत होते. मला बघून थांबला. धापा टाकत म्हणाला, "शिमग्याला... मीच." मी म्हटलं, "तूच रे दादा, दुसरा कोन?" घरी येऊन मात्र मला भाकर गोड लागली नाही. केळीचा बुंधा आणि पिकलेल्या भोपळ्याची साल यात किती फरक आहे, हे वाडीत माझ्याएवढं कोणाला ठाऊक होतं?

पालखी आली. ढोल थांबले, देवी सहाणेवर बसली, ओट्या भरून झाल्या. भोपळा मधोमध केळीच्या पानांवर ठेवला. बायका विळ्या घेऊन रांगेत बसल्या होत्या, चुलीवर मोठं टोप तापत होतं. दादा पांढरा सदरा घालून पाय ओढत आला. वयनीने कोयता त्याच्या डाव्या हातात दिला आणि मागे सरली.

पहिला घाव निसटला आणि कोयता खालच्या पानावर आपटला. दुसरा लागला, पण सालीवर पांढरी रेघ उठली तेवढीच. तिसऱ्याला कोयता हातातून सुटला. कोणी हसलं नाही. मी एक पाऊल पुढे टाकलं, तर वयनीने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी तिथेच थांबलो.

रावजी मनाने चांगला माणूस. त्याने पटकन हात वर केला. "लागला! लागला घाव! झाला भिकाजीचा. चला गो बायांनो, घेवा आता." सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. दोघी विळ्या घेऊन उठल्याही. तिथेच सगळं निभावलं असतं आणि पुढच्या वर्षीही त्याच रेघेवर निभावलं असतं.

"नाय," दादा म्हणाला. मोठ्याने. "नाय लागला. सालपट पन नाय निगाला." मग वाकून त्याने कोयता उचलला आणि वयनीपुढे धरला. "तू काप."

रावजी गडबडला. "अरे भिकाजी, बाईमानसानं... देवीसमोर..."

"लावला तिनी," दादा म्हणाला. एकेक शब्द ओढून काढत होता. "वाढवला तिनी. वाट बगितली तिनी. तिलाच कापूंदे."

वयनी हलेना. "माज्यानं नाय व्हनार," ती पुटपुटली. तिने दोन्ही हात पदरात लपवले. भाताचे भारे उचलणारे, आळी खणणारे ते हात.

तेव्हा दादा खाली बसला. त्याला बसायला किती कष्ट पडतात हे आम्ही सगळे जाणतो. बसला, डाव्या हाताने भोपळ्याला कवळ घातली, मेलेला उजवा हात उचलून वर ठेवला, आणि म्हणाला, "मी धरतंय. घाल तू."

वयनीने भोपळ्याला हात लावून तो कपाळाला लावला. मग कोयता उचलला. एकच घाव, आणि पातं मुठीपर्यंत आत गेलं. तिने ते हलवून काढलं, दुसऱ्या बाजूने घातलं, आणि भोपळा चर्रकन दुभंगून दोन बाजूंना पडला. आतून केशरी, कोरा, घमघमता. बायकांच्या रांगेतून एक लांब हुंकार निघाला आणि कोणीतरी ढोलावर थाप मारली.

त्या गलबल्यात वयनी तशीच उकिडवी बसून त्या दोन भकलांकडे बघत राहिली. मी अगदी जवळ होतो, म्हणून मला ऐकू आलं.

"एवढाच व्हता? एकच घाव?" ती म्हणाली.

दादाचा हात अजून त्याच्या बाजूच्या भकलावर होता. त्याने तो काढला नाही. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्याच्याकडे दुसरा हात नव्हता.

"व्हय गो," तो म्हणाला. "एवढाच व्हता. मीच कदी सांगितला नाय, का तू खा म्हनून."

वयनीने पदराच्या टोकाने त्याचे डोळे पुसले, सगळ्या वाडीसमोर, आणि मग फोडी करायला घेतल्या.